नववीचं वार्षिक नियोजन आम्ही कसं बदललं

एका अनुदानित शाळेतल्या मॅडमनी विचारलंय की मुख्याध्यापकांनी यंदा त्यांना आठवी ते दहावीचं "शाळेचं स्वतःचं अभ्यासक्रम नियोजन" करायला सांगितलंय, पण अभ्यासक्रम मंडळ ठरवतं, पुस्तक बालभारतीचं, पेपरचा आराखडा वरून येतो, मग शाळेने ठरवायला उरतं काय? आणि दुसरं, नववीत येणाऱ्या निम्म्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्यांना घेऊन पोर्शन पूर्ण कसा करायचा?

मॅडम, मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. तुमचा पहिला प्रश्न मला पण पहिली दहा-बारा वर्षं पडला होता, आणि त्या काळात मी पण तेच करायचो जे बहुतेक शाळांत चालतं. जूनमध्ये मागच्या वर्षीचं वार्षिक नियोजन काढायचं, वरची तारीख बदलायची, अनुक्रमणिकेतले धडे जून ते फेब्रुवारी अशा रकान्यांत वाटून टाकायचे, सही घ्यायची, संपलं. टाचण वही, म्हणजे रोजच्या तासाच्या तयारीची नोंद, त्याच क्रमाने भरायची. तपासणीला कधी अडचण आली नाही. अडचण वर्गात यायची.

शाळेच्या हातात काय आहे ते आधी सांगतो. काय शिकवायचं हे तुमच्या हातात नाही, बरोबर. पण कुठला धडा कधी घ्यायचा, कशाला किती तास द्यायचे, एका विषयात शिकलेलं दुसऱ्या विषयात कधी वापरायचं आणि चाचणीत काय विचारायचं, हे सगळं शाळेच्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवाने मुलाला समजतं की नाही हे अर्ध्याहून जास्त त्याच्यावरच ठरतं.

नववीचंच उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष नववीकडेच होतं. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीचे नियम. त्यात अंतर-काल आलेख, वेग-काल आलेख, आणि आलेखावरूनच गतीची समीकरणं काढायची. आता गणित भाग दोन उघडा, निर्देशक भूमिती सातवं प्रकरण आहे, आमच्याकडे ते डिसेंबर-जानेवारीत व्हायचं. म्हणजे जूनच्या शेवटी विज्ञानाचे सर फळ्यावर अक्ष काढतायत, बिंदू मांडतायत, आणि मुलांना एक्स अक्ष आडवा की उभा इथून सुरुवात. तेच सर मग स्टाफरूममध्ये येऊन म्हणणार की यांना काहीच येत नाही. येईल कसं, शिकवलंच नाहीये अजून!

आणि व्ही बरोबर यू अधिक एटी यातून टी काढायचा म्हटलं की वर्ग गप्प. आठवीत एकचल समीकरणं केलेली असतात, पण तिथे अक्षर एकच आणि बाकी आकडे असतात, इथे चार अक्षरं एकदम समोर येतात. हे सूत्र फिरवण्याचं काम गणितात की विज्ञानात, कोणी करायचं? आमच्याकडे दोघांनाही वाटायचं दुसरा करतोय, त्यामुळे कोणीच करत नव्हतं. पुढे द्रव्याचे मोजमाप धड्यात मोल येतो, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, तिथे घातांक आणि गुणोत्तर दोन्ही पक्के लागतात, आणि गुणोत्तर-प्रमाण गणितात चौथं प्रकरण. पुस्तकं करणाऱ्यांना मी दोष देत नाही, प्रत्येक विषयाचं पुस्तक आपापल्या जागी नीट बांधलेलं आहे. त्यांची सांगड घालायचं काम शाळेचं आहे, आणि त्याची वेगळी नोंद कुठल्या फॉर्ममध्ये मागत नाहीत म्हणून ते राहून जातं.

आम्ही काय केलं तर एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गणित, विज्ञान, भूगोल आणि मराठी या चार विषयांचे शिक्षक बसलो. चार कार्डशीट जोडून भिंतीला लावली, आडवे महिने, उभे विषय, आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी चिठ्ठी, टाचणीने लावलेली, म्हणजे हलवता येते. पहिल्या दिवशी फक्त एवढंच बघितलं की कुठल्या चिठ्ठीला आधी दुसरी कुठली चिठ्ठी लागते. तीन तास गेले. गणिताचे सर सुरुवातीला सरळ म्हणाले की माझा पोर्शन पुढेमागे करू नका, वीस वर्षं हाच क्रम आहे. शेवटी त्यांनीच निर्देशक भूमितीची चिठ्ठी काढून जुलैत लावली. त्यांचं म्हणणं असं की अक्ष, बिंदू मांडणं, अक्षांना समांतर रेषा एवढं जुलैत होऊन जाईल, रेषीय समीकरणाचा आलेख मात्र नंतर, भाग एकचं पाचवं प्रकरण झाल्यावर. एकच प्रकरण दोन तुकड्यांत घ्यायचं हे मला सुचलं नसतं. ज्याचा विषय आहे त्यालाच कळतं कुठे कापता येतं, म्हणून मॅडम, हे नियोजन तुम्ही एकटीने घरी बसून करून आणू नका, कितीही चांगलं केलंत तरी ते कपाटात जाईल.

मग गतीचे नियम ऑगस्टमध्ये ढकलले तर जून-जुलैत विज्ञानात काय? सहावा धडा, वनस्पतींचे वर्गीकरण. इथे मला थोडं जास्त लिहावंसं वाटतंय कारण या एका बदलाने आमच्या शाळेतल्या सगळ्यांचा नियोजनाकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. पुस्तकाच्या क्रमाने गेलं की हा धडा पावसाळा संपता संपता यायचा, आमच्या भागात तोपर्यंत भिंती कोरड्या. ब्रायोफायटा, टेरिडोफायटा ही वनस्पतींच्या गटांची नावं मुलं नुसती पाठ करायची आणि उलटसुलट लिहायची. जुलैत तोच धडा घेतला तर शाळेच्या कंपाउंडच्या उत्तरेकडच्या बाजूला मखमलीसारखं हिरवं शेवाळ येतं, म्हणजे मॉस, तो ब्रायोफायटा, ते नखाने उचलून भिंगाखाली धरायचं, डबक्यातली हिरवी तार म्हणजे शैवाल, तो थॅलोफायटा, आणि नेचे बघायला जुन्या विहिरीवर जायचं. आमच्याकडे नेचे नसतात असं सगळे म्हणत होते, पण बांधीव विहिरीच्या आतल्या कपारीत हंसराज लटकलेला असतो, काळ्या बारीक देठाचा, तो नेचाच. विहीर शाळेमागच्या शेतकऱ्याची, त्याला विचारून त्यालाच दोन फांद्या काढून द्यायला सांगितलं, मुलांना काठावर जाऊ दिलं नाही. पानाच्या मागे कडेला दुमडलेल्या भागात बीजाणू असतात ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर टेरिडोफायटाचं उदाहरण लिहा म्हटलं की मुलं पुस्तकातल्या नेफ्रोलेपिसच्या जोडीला हंसराज पण लिहायला लागली. धडा तोच, पुस्तक तेच, तासही तेवढेच लागले, फक्त महिना बदलला.

तसंच पावसाचं. नववीच्या भूगोलात वृष्टी आहे, गणितात सांख्यिकी आहे, मराठीत उपयोजित लेखनात बातमी आहे. आम्ही जूनपासून मुलांकडून रोजचा पाऊस मोजून घेतला, हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असं मोजतं, आमची शाळा दहाला म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलींनी ते काम घेतलं. पर्जन्यमापक साध्या बाटलीचा, सरळ उभ्या कडांची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, आणि तळ सपाट होईपर्यंत आधी पाणी भरून तिथून शून्य धरायचं. ऑक्टोबरमध्ये सांख्यिकी घेतली तेव्हा वर्गाकडे स्वतःचे १२० दिवसांचे आकडे होते. मध्य म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, यात एवढा फरक का पडतो हे त्या आकड्यांत लख्ख दिसतं, कारण आमच्याकडे बहुतेक दिवस पाऊस शून्य आणि चार दिवसांत सगळा पडून जातो. मध्यक चक्क शून्य येतो! सरासरी पाऊस चांगला झाला तरी पीक का जळतं हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता एक चूक सांगतो जी तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी आम्ही क्रम बदलला आणि पहिल्या घटक चाचणीला नेहमीप्रमाणे बाहेरून छापील प्रश्नपत्रिका मागवल्या. त्या अनुक्रमणिकेप्रमाणे काढलेल्या. लेकरांसमोर गतीच्या नियमांवर प्रश्न आले जे शिकवलेच नव्हते, पालक भेटायला आले, आणि त्यांचा राग अगदी बरोबर होता. तेव्हापासून नववीच्या घटक चाचण्या आम्ही स्वतः काढायला लागलो. सत्र परीक्षेचा पेपर बाहेरचा असेल तर त्याचा पोर्शन जूनमध्येच लेखी मागून घ्यायचा आणि चिठ्ठ्या त्या हद्दीतच हलवायच्या. दहावीत तर जास्त मोकळीक घेऊच नका, सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं, अंतर्गत २० गुणांच्या नोंदी, सगळं इतकं घट्ट बांधलेलं असतं की तिथे फक्त एखाद-दुसरी अदलाबदल. खरी जागा आठवी-नववीत.

तास मोजायचं राहिलं. कागदावर गणिताला आठवड्याला सात तास आणि वर्षाचे आठवडे धरले की भरपूर दिसतात. आम्ही एकदा मागच्या वर्षीच्या हजेरीपटावरून आणि वेळापत्रकावरून प्रत्यक्ष झालेले तास मोजले, तर कागदावरच्या दहापैकी सातच झालेले निघाले. निवडणुकीची ड्युटी, प्रशिक्षणं, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलनाची तयारी, पावसाने बंद पडलेला रस्ता. यातलं काहीही टाळता येत नाही, मग नियोजन दहाचं करून दर वर्षी जानेवारीत धावाधाव का करायची? सातचंच करा. तुमच्या शाळेचा आकडा वेगळा येईल, तो मोजा, अंदाज लावू नका.

पण आमच्या भागात तास मोजण्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी जाणूनबुजून मागे ठेवला होता. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते. नववीतली काही मुलं आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, घरी मागे ठेवायला आजी नसली तर पर्याय नसतो. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही मामाकडे, बाकीची जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. माझ्या वर्गातून एका वर्षी ४८ पैकी ११ गेली होती. त्यांच्यासाठी शाळेचं वर्ष जून ते ऑक्टोबर एवढंच. आणि आमचं नियोजन काय होतं तर पहिलं प्रकरण संच, त्याला बारा तास.

संच वाईट नाही, पुढच्या वर्षी संभाव्यतेत लागतो. पण जे लेकरू दिवाळीला जाणार आहे त्याला गुणोत्तर-प्रमाण, बहुपदी, रेषीय समीकरणं, त्रिकोण हे मिळालं नाही तर दहावीत ते उभं राहू शकत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक विषयात "दिवाळीआधी व्हायलाच हवं" अशी लाल चिठ्ठी केली आणि बाकीच्या पिवळ्या. संच, अर्थनियोजन दिवाळीनंतर. सांख्यिकी मात्र जायच्या आधी, कारण जाणाऱ्या मुलांना आम्ही वही देत होतो, त्यात रोज टोळीने किती टन ऊस भरला ते लिहून आणायचं, मध्य काढायचा, आलेख काढायचा. आणि अर्थनियोजनाची चार पानं, उचल किती, फिटली किती, राहिली किती. ११ पैकी पाच जणांनी वह्या भरून आणल्या. एका मुलीच्या वहीवर कोपीतल्या, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतल्या, चुलीचा धूर बसलेला होता, आकडे सगळे बरोबर. तीन जणांनी थोडंफार केलं. तीन परत आलेच नाहीत, त्यातल्या एकीचं लग्न झाल्याचं नंतर कळलं. क्रम बदलून हे सुटतं असं मी म्हणणार नाही. पण जी परत आली ती त्या वर्षी नववीतून पुढे गेली, आणि आधीच्या वर्षांत तसं होत नव्हतं.

तुमच्याकडे ऊसतोड नसेल, कोकणात असाल तर गणपती आणि पाऊस असेल, शहरात असाल तर क्लासेसची वेळ असेल. पण तुमच्या वर्गातली कुठली मुलं कधी नसतात हे आधी लिहून काढा, मग चिठ्ठ्या लावा.

आता अपूर्णांकांचं. जूनमध्ये सगळे दहा प्रश्नांची पूर्वज्ञान चाचणी घेतातच, मी फक्त एवढं सांगेन की गुण मोजू नका, चूक वाचा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असं लिहिणारं मूल आणि पाच छेद पाच लिहिणारं मूल वेगळं आहे. दुसऱ्याला समान छेद करायचा हे माहीत आहे, त्याचा हिशोब चुकला. पहिल्याला अपूर्णांक ही एकच संख्या आहे हेच माहीत नाही, तो वरखाली दोन वेगळे आकडे बघतोय. दुसऱ्याला दहा मिनिटं पुरतात, पहिल्याला भाकरी, कागदाच्या घड्या, संख्यारेषा असं करत आठवडे लागतात.

आणि हे आठवडे जूनमध्येच एका दमात देऊ नका. कोविडच्या काळात २०२१ ला राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला होता, त्या वेळी शाळाच बंद होत्या म्हणून ती गरज होती. पण एरवी आम्ही पहिले पंधरा दिवस मागचं सगळं उजळायचं असं करून बघितलं तर जुलैपर्यंत मुलं विसरलेली असायची, कारण जूनमध्ये शिकलेला अपूर्णांक त्यांनी वापरला थेट ऑगस्टमध्ये. म्हणून आम्ही मागचं तुकड्यातुकड्याने लावलं. गुणोत्तराच्या आधी चार तास अपूर्णांक, बहुपदीच्या आधी तीन तास ऋण संख्या आणि कंस सोडवणं, मोलच्या आधी दोन तास घातांक, तेही गणिताच्याच सरांनी विज्ञानाच्या तासाला येऊन. हे तास नियोजनात लेखी धरायचे, "वेळ मिळाल्यास" असं लिहिलं की वेळ मिळत नाही. ज्यांना आधीच येतं त्यांना त्या वेळी पुस्तकातली चांदणीची उदाहरणं द्यायची, त्यांना रिकामं बसवायचं नाही.

सेमी इंग्रजीची तुकडी असेल तर अजून एक गोष्ट. मुलाला गणित येत नाही की शब्द कळत नाही हे आधी तपासा. आम्ही एकदा तोच प्रश्न दोन्ही भाषांत दिला, मराठीत वर्गातली बरीच मुलं सोडवून मोकळी झाली. मराठीत पण गोंधळ आहेच, रोजच्या बोलण्यात आपण गाडीचा वेग म्हणतो तेव्हा आपल्याला विज्ञानातली चाल म्हणायची असते, वजन म्हणतो तेव्हा बहुधा वस्तुमान, आणि कार्य म्हटलं की लेकरांच्या डोळ्यासमोर लग्नकार्य. डोक्यावर पोतं घेऊन नुसता उभा असलेला हमाल त्या पोत्यावर कार्य करत नाही हे ऐकून एक मुलगा माझ्यावर चिडला होता, त्याचे वडील मोंढ्यात हमाल होते. त्याच्याशी पूर्ण तास बोललो. घाम येतो, थकवा येतो, शरीराची ऊर्जा खर्च होते हे सगळं खरं, पण विज्ञानातल्या कार्याला विस्थापन लागतं. अशा शब्दांची यादी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने करावी आणि त्यासाठी वेळ धरावा, पुढचे दहा तास वाचतात.

निकालाचं पण स्पष्ट लिहितो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीत कच्ची मुलं अडवायची आणि मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायची, हे मी जवळून पाहिलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. ते मूल आठ वर्षं शिकलेलं असतं. आकड्याचं म्हणाल तर २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले, नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी, आणि निकाल ७७.१० वर आला, पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, कोविडमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि निकाल ९५.३० टक्के. तीन वर्षांत राज्यातली मुलं एवढी बिघडली आणि एवढी सुधारली असं कोणी म्हणेल का? म्हणून शाळेचं नियोजन जमलं की नाही हे निकालावरून ठरवू नका, त्याच दहा प्रश्नांची चाचणी फेब्रुवारीत परत घ्या आणि जूनच्या पेपरशेजारी ठेवून बघा.

नवा अभ्यासक्रम येणार, पुस्तकं बदलणार, मग आता एवढा खटाटोप कशाला असं स्टाफमधलं कोणीतरी म्हणेलच. पहिलीपासून २०२५-२६ ला सुरुवात झाली आहे, माध्यमिकलाही टप्प्याटप्प्याने येईल. येऊ द्या. चिठ्ठ्यांवरची नावं बदलतील, पाऊस जूनमध्येच येणार आणि टोळ्या दिवाळीलाच जाणार.

सुरुवात एकाच इयत्तेची आणि जास्तीत जास्त चार विषयांची करा, आम्ही दुसऱ्या वर्षी उत्साहात तिन्ही इयत्ता एकदम घेतल्या आणि सप्टेंबरपर्यंत भिंतीवरचा तक्ता आणि वर्गातलं शिकवणं याचा काही संबंध राहिला नाही, परत नववीवर यावं लागलं. बैठक जूनमध्ये ठेवू नका, जूनमध्ये प्रवेश, दाखले, पुस्तकवाटप यातून कोणी मोकळं नसतं. एप्रिलमध्ये ठेवा, वार्षिकचे पेपर तपासून झाले की लगेच, कारण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेव्हा शाळेतच असतात. प्रत्येकाला आपल्या विषयाचे कुठलेही वीस पेपर घेऊन यायला सांगा, आणि कार्डशीट भिंतीला लावण्याआधी तासभर सगळ्यांनी दुसऱ्याच्या विषयाचे पेपर वाचा.